‘रुचिरा’ची पानं आणि मुलीचं हिमोग्लोबिन

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं आणि बघता बघता लग्नात द्यायची वस्तू होऊन बसलं. मराठीत त्याआधी पाककृतींची पुस्तकं नव्हती असं नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालचं आहे. पण कमलाबाईंनी मापं वाटी-चमच्यांत दिली, आणि ज्याला स्वयंपाकाचा अंदाज नाही अशा माणसालाही ते पुस्तक समोर ठेवून पदार्थ करता येऊ लागला. तेरा वर्षांच्या मुलीला आणि चहापलीकडे न गेलेल्या तिच्या बाबांनासुद्धा.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे दर रविवारी या पुस्तकातला एक पदार्थ होतो. नियम दोनच. पदार्थात धान्य, कडधान्य किंवा भाजी शक्यतो अख्ख्या रूपात हवी, म्हणजे मैदा आणि साखरेची पानं उलटून पुढे जायचं; आणि स्वयंपाकघरात एकटं कुणी राबायचं नाही. हे सुरू करायला कारण ठरले दोन रिपोर्ट. मुलीचं हिमोग्लोबिन 10.4, आणि नवऱ्याची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी 6.1 टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. यात आमचं घर काही जगावेगळं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं.

सुरुवात थालीपिठाच्या भाजणीने झाली. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे, जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात, खिचडी, इडली यांतही हेच घडतं, पण भाजणीत ते डब्यात भरून ठेवता येतं. उडदाचा खमंग वास सुटेपर्यंत ढवळत बसण्याचं काम बाबांकडे होतं. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, “हे आई दर महिन्याला करायची?” सासूबाई म्हणाल्या, “महिन्याला नाही, पंधरा दिवसांनी. तुम्ही पाचजण होतात.”

दुसरा रविवार मटकीचा. खरं तर काम शुक्रवारीच सुरू झालं: रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि उबेला ठेवायची. कडधान्याच्या दाण्यात फायटिक आम्ल असतं. ते रोपट्यासाठी फॉस्फरसचा साठा म्हणून असतं, पण आपल्या पोटात गेल्यावर लोह, जस्त आणि कॅल्शियम धरून ठेवतं, शोषू देत नाही. दाणा भिजला, त्याला मोड फुटू लागला की त्यातलं फायटेज हे विकर जागं होतं आणि हे आम्ल तोडू लागतं. शिवाय कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व मोडांत तयार होतं. हे जीवनसत्त्व लोहाला शोषणायोग्य रूपात आणतं. उसळ शिजवताना त्यातलं बरंचसं नष्ट होतं, म्हणून लिंबू ताटात पिळायचं, कढईत नाही. आणि जेवणाला लागून चहा नको, कारण त्यातली टॅनिन्स लोहाची वाट अडवतात. आमच्या घरात सगळ्यात मोठा विरोध या शेवटच्या कलमाला झाला.

कच्चे मोड खाण्याची पद्धत अलीकडे फार बोकाळली आहे. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक माणसं दगावली, आणि तपासाचा माग जाऊन पोहोचला मेथीच्या मोडांपर्यंत. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध असलेल्या घरात मोड वाफवूनच खावेत. आपल्याकडे उसळ शिजवूनच खायची रीत आहे, ती सोडण्याचं काही कारण दिसत नाही.

आता थोडा हिशेब. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण 8 मिलिग्रॅम लोह असतं. एका वाटी उसळीला तीसेक ग्रॅम मटकी लागते, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लोह. शाकाहारी जेवणातल्या लोहापैकी जेमतेम 5 ते 10 टक्केच अंगी लागतं. अॅनिमियामुक्त भारत योजनेत किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी मिळते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं. रक्त कमी झालेल्या मुलीचं हिमोग्लोबिन उसळीने किंवा बीट-खजुराने वर येईल, या आशेवर गोळ्या बंद करणारे पालक मी पाहिले आहेत. खड्डा गोळीने भरायचा आणि तो पुन्हा पडू नये म्हणून ताट सुधारायचं. आमच्या मुलीने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमाने घेतल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 12.1 झालं. त्याचं श्रेय मी मटकीला देणार नाही. गोळ्यांचा ठरलेला काळ संपल्यावर ते टिकतं की नाही, यात मटकीचा वाटा असेल.

भाकरीला चार रविवार गेले. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नाही, त्यामुळे पीठ ताणलं की तुटतं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे उकळतं पाणी. त्याने पिठातला थोडा स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लूटेनचं काम निभावतो. मग तळहाताने रगडत राहायचं. “कोमट नको गं, चटका बसेल असं घे आणि उलथन्याने कालव,” हे सासूबाईंनी नातीला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा भाकरीच्या कडा जुळल्या. पीठ जुनं असेल तर मात्र काही उपयोग नाही, त्याची विरी गेलेली असते. पॅकेटवरच्या तारखेपेक्षा गिरणीतून दळण कधी आणलं, हे इथे महत्त्वाचं.

भाकरी तव्यावरून उतरल्यावर नवऱ्याला वाटलं की आता मोकळीक मिळाली. तसं नाही. ज्वारीत तंतुमय भाग आहे, अंकुर आणि कोंडा आहे, पोट लवकर भरतं. पण तीन भाकऱ्यांतला स्टार्च हा स्टार्चच. त्याची साखर पुढच्या तपासणीत 5.9 आली. जेवणाची मापं आणि रात्रीच्या जेवणानंतरचं चालणं हेही त्याच काळात सुरू झालं होतं, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे सांगता येणार नाही.

जुनं ते सगळं पौष्टिक, हा समजही या पुस्तकांच्या संगतीत टिकत नाही. त्या पिढीच्या स्वयंपाकात वनस्पती तूप सर्रास होतं. त्यातल्या ट्रान्स फॅटचं प्रमाण अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 पासून 2 टक्क्यांवर आणलं. मीठ, साखर आणि तळण यांचे अंदाजही शेतात राबणाऱ्या किंवा मैलभर चालणाऱ्या माणसांचे. आम्ही मीठ निम्म्याने घालून चव घेतो आणि मग ठरवतो. बहुतेकदा तेवढं पुरतं.

‘आजीचं खाणं’ म्हणून ज्याची हल्ली वाहवा होते, ते आजीच्या मनगटावर उभं होतं. निवडणं, पाखडणं, भिजवणं, दळणं. पंधरा दिवसांची भाजणी एकट्या बाईने करायची, तीही तिच्या नोकरीनंतर, असा अर्थ काढणार असू, तर पॅकेटातली पोळी बरी. रविवारी आमच्याकडे चारजणांत काम वाटलं की भाजणी, दोन कडधान्यांचे मोड आणि आठवड्याचं निवडणं-टिपणं अडीच तासांत होतं. मुलगा नऊ वर्षांचा आहे. डाळीतले खडे त्याला आमच्यापेक्षा लवकर दिसतात.

नाचणीच्या आंबिलीवर मुलांनी तोंड वाकडं केलं. कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं, हे सांगूनही उपयोग झाला नाही. ताक, लसूण आणि जिरं वाढवल्यावर अर्धी वाटी गेली.

थंडी पडली की बाजरी. बाजरीत स्निग्धांश ज्वारीपेक्षा जास्त, आणि दळल्याबरोबर धान्यातलं लायपेज विकर त्यावर काम सुरू करतं, म्हणून पीठ लवकर कडवट होतं. दळण एका आठवड्यापुरतंच आणायचं ठरलं आहे. गिरणीवर जायची पाळी बाबांची.