कंत्राटी काम घ्या, पण प्रॉडक्ट लिहून देऊ नका

आजचा विषय थोडा कोरडा आहे. पण ज्यांच्या घरात मुलगा किंवा मुलगी नोकरी सोडून स्वतःची छोटी टेक कंपनी चालवते आहे, त्यांनी शेवटपर्यंत थांबावं. पैसा कुठं अडकतो आणि वर्षभराची मेहनत कुठल्या एका वाक्यात निघून जाते, ते आज बघायचं आहे.

मी राहतो के. आर. पुरमला. एका अंगाला व्हाइटफील्ड, दुसऱ्या अंगाला आउटर रिंग रोड, मध्ये टिन फॅक्टरीची गर्दी आणि केबलवरचा पूल. २०२३ मध्ये जांभळी मेट्रो सुरू झाली आणि आमच्या भागात दोन बेडरूमच्या फ्लॅटमधल्या कंपन्या वाढल्या. तीन-चार पोरं, भिंतीवर पांढरा फळा, स्वयंपाकघरात इंडक्शन. प्रॉडक्ट तयार होतंय, पण त्यातून अजून पैसा येत नाही. घरमालकाला मात्र पाच तारखेला भाडं लागतं. मग ही मुलं बाहेरचं कंत्राटी काम घेतात. यात कमीपणा काही नाही. अमेरिकेतली मेलचिंप ही वेबसाइट बनवून देणाऱ्या छोट्या एजन्सीची २००१ मधली जोडधंद्याची वस्तू होती. बाहेरची कामं सोडून त्या मालकांनी तिच्यावरच लक्ष द्यायला २००७ साल उजाडलं.

प्रश्न काम घ्यावं की नाही हा नाही. कोणत्या अटींवर घ्यावं, हा आहे. नोकरीत असताना खरेदीचे आणि ठेक्यांचे कागद बरेच वाचले, म्हणून शेजारपाजारची मुलं करारनामा दाखवायला येतात. मी वकील नाही. सही करण्याआधी वकिलाला दाखवाच. पण वकिलाला काय विचारायचं हे तरी आपल्याला कळलं पाहिजे.

आधी एक खरी घटना. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, सात जण आणि दहा हजार रुपये. सुरुवातीचं काम दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून देण्याचंच. १९८३ मध्ये कंपनी बेंगळुरूला आली. १९९५ मध्ये इथल्याच ताज रेसिडेन्सी हॉटेलात एका बड्या अमेरिकन कंपनीनं आपल्या सगळ्या भारतीय पुरवठादारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. त्यांची माणसं या खोलीतून त्या खोलीत जायची आणि एकाचा भाव दुसऱ्याला सांगून खाली पाडायची. इन्फोसिसचं २५ टक्के उत्पन्न त्या एका गिऱ्हाइकाकडून येत होतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी नारायण मूर्तींनी नकार दिला. २००७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी हा प्रसंग स्वतः सांगितला. नकाराचं कारण त्यांनी असं दिलं, की या अटी मान्य केल्या तर पुढं आम्ही तुम्हाला तोंडघशी पाडू. आणि सोबत शब्द दिला, की तुम्ही ज्याला निवडाल त्याच्याकडे काम नीट सोपवून देऊ.

लोक ही गोष्ट हिमतीची म्हणून सांगतात. मला त्यात हिशेब जास्त दिसतो. २५ टक्के गेले तरी ७५ टक्के हातात होते. नंतर एकाच गिऱ्हाइकावर, एकाच देशावर किंवा एकाच तंत्रावर फार अवलंबून राहायचं नाही, म्हणून त्यांनी कंपनीत वेगळी समितीच नेमली. आमच्या गल्लीतल्या पोरांचं सगळं उत्पन्न एकाच क्लायंटकडून येत असतं. तिथं 'नाही' म्हणण्याची ताकद कुठून येणार? किमान चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय वाटाघाटीला बसू नका असं मी सांगतो, ते म्हणून. फौजेत पुढं जाण्याआधी माघारीची वाट बघून ठेवतात, त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही.

आता भावाचं बघू. बहुतेक मुलं जुन्या पगाराला कामाच्या दिवसांनी भागतात आणि तो दर सांगतात. तिथंच घाटा होतो. समजा, एका माणसामागं घरखर्च, भाडं, लॅपटॉप, विमा, कर धरून वर्षाला १८ लाख लागतात. सुट्ट्या वगळून वर्षात २३० दिवस काम होतं. भागाकार केला तर दिवसाला आठ हजारांच्या आत येतं. पण तुम्ही निम्मे दिवस स्वतःच्या प्रॉडक्टसाठी ठेवणार आहात ना? मग विकायला ११५ दिवसच उरतात आणि दर साडेपंधरा हजारांच्या वर जातो. हा आकडा ऐकून क्लायंट चमकेल, चमकू द्या. भाव कमी करायचाच असेल तर कामही तेवढंच कमी करा. दोन अहवाल वगळू, मोबाइल ॲप पुढच्या टप्प्यात घेऊ, असं म्हणा. काम तेवढंच ठेवून पैसे उतरवले, तर आधीचा आकडा फुगवलेला होता असंच समोरच्याला वाटतं.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मालकी. इथं मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

आमच्याच भागातली तीन मुलं. एक साताऱ्याची मुलगी, एक बेळगावचा, एक इथलाच कानडी मुलगा. होस्कोटेकडच्या गोदामांसाठी मालाच्या आवक-जावकीचं सॉफ्टवेअर बनवतात. पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना सहा महिन्यांचं काम देऊ केलं. पैसे चांगले होते. मुलगी कागद घेऊन आली, म्हणाली, "काका, सगळं ठीकच दिसतंय, उद्या सही करतोय." नवव्या पानावर एक वाक्य होतं. कराराच्या मुदतीत कंत्राटदार जे जे सॉफ्टवेअर तयार करेल ते सर्व कंपनीच्या मालकीचं राहील. 'या कामासाठी' हे दोन शब्द त्यात नव्हते. म्हणजे रात्री जागून स्वतःच्या प्रॉडक्टमध्ये जी भर घालतील, तीही पुण्याला गेली.

कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे लिहिणारा हा पहिला मालक. नोकरीच्या करारात, कामाचा भाग म्हणून लिहिलं, तर मालक नोकरी देणारा. पण कंत्राटी काम ही नोकरी नव्हे. म्हणजे कागदावर काहीच लिहिलं नाही तर तुमच्या कोडचा कॉपीराइट साधारणपणे तुमचाच राहतो. क्लायंटच्या वकिलाला हे ठाऊक असतं, म्हणून तो मालकी लेखी लिहून घेतो. कलम १९ प्रमाणे हक्क सोपवणं लेखी आणि सहीनिशीच करावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' असे शब्द दिसतात ते यासाठी. ते शब्द पाहून घाबरू नका. ज्या कामाचे पैसे घेताय ते काम त्यांचं होणं रास्तच आहे.

वाद फक्त कुंपण कुठं घालायचं याचा. त्या मुलांना मी तीन गोष्टी मागायला सांगितल्या. एक, मालकी फक्त जोडपत्रात लिहिलेल्या कामाची. दोन, करारापूर्वीचं आणि कराराबाहेरचं आपलं जे काही आहे त्याची नावनिशी यादी, कोडच्या नोंदीतल्या तारखांसह, कराराला जोडायची. त्यातला एखादा भाग क्लायंटच्या कामात वापरला तर त्यांना वापराचा परवाना मिळेल, मालकी नाही, आणि तो परवाना इतर कुणालाही देण्याची आपल्याला मोकळीक राहील. तीन, हक्क जाणार तो पूर्ण पैसे जमा झाल्यावर. मायक्रोसॉफ्टनं आयबीएमला पहिल्या पीसीसाठी डॉस दिली, तेव्हा ती इतरांना विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे.

दुसरं एक कलम हमखास असतं, दुसऱ्या कुणाचं असं काम करायचं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं, की धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल. हे ऐकून मुलं खूश होतात, पण अर्धंच ऐकतात. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका शिफ्ट सुपरवायझरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये स्पष्ट केलं, की कराराची मुदत चालू असतानाचं बंधन सहसा चालतं. मुदत संपल्यानंतरचं बंधन मात्र टिकत नाही. २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याची जाहिरातीची कामं बघणारी कंपनी यांच्या खटल्यात तेच झालं. करार संपल्यावरही आधी आम्हालाच विचार, हे बंधन न्यायालयानं मानलं नाही. त्यामुळं तुमची नजर मुदतीवर हवी. काम सहा महिन्यांचं आणि कराराची मुदत तीन वर्षांची असेल, तर अडीच वर्षं तुम्ही बिनपगारी बांधलेले. मुदत कामाएवढीच ठेवा आणि मनाई नाव घेऊन दोन-तीन थेट स्पर्धकांपुरती. गोपनीयतेचं कलम वेगळं, ते पुढंही लागू राहतं आणि राहावं.

पैसे वेळेवर येण्याचं एक हत्यार सरकारनं दिलंय. ते फार कमी मुलं वापरतात. उद्यम नोंदणी करा. ऑनलाइन होते आणि फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करारात मुदतच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. करारात '९० दिवसांत देऊ' लिहिलं असलं तरी ते चालत नाही. आणि एक बारकावा. काम हाती दिल्यापासून १५ दिवसांत क्लायंटनं लेखी हरकत घेतली नाही, तर ते दिल्या दिवशीच स्वीकारलं असं धरतात. म्हणून काम ईमेलनंच सोपवा, तारीख राहते. नोंदणी सहीच्या आधी झालेली असावी, नंतर केली तर वाद होतो. क्लायंट परदेशी असेल तर या कायद्याचा फारसा उपयोग नाही. तिथं तीस-चाळीस टक्के आगाऊ आणि पुढं टप्प्याटप्प्यानं, हाच उपाय.

जीएसटीचं थोडक्यात. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के. करारात 'जीएसटी वेगळा' हे शब्द नसले तर तो तुमच्याच खिशातून जाईल. करार कुणाच्या नावानं करायचा तेही आधीच ठरवा. कंपनी असताना एका भागीदारानं स्वतःच्या नावावर काम घेतलं, तर पैसे कुणाचे आणि कोड कुणाचा, हा घोळ गुंतवणूकदार कागद तपासायला बसला की बाहेर येतो.

बोलणी करताना एकानंच बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. फोनवर कशालाही होकार द्यायचा नाही. फोन ठेवल्यावर तासाभरात काय ठरलं ते चार ओळींत मेल करायचं. मान्य नसेल तर समोरचा तेव्हाच सांगेल.

त्या तीन मुलांनी तसंच केलं. पुण्याच्या कंपनीच्या वकिलानं पहिल्यांदा सरळ सांगितलं, हा आमचा छापील नमुना आहे, बदलत नाही. मुलांनी नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही, फक्त यादी पाठवली आणि विचारलं, यातलं तुम्हाला नेमकं काय हवंय? आठ दिवस काही उत्तर आलं नाही. त्या मुलीची आई रोज साताऱ्याहून फोन करून विचारायची, "झाली का सही?" नवव्या दिवशी कंपनीच्या तांत्रिक प्रमुखाचा मेल आला. त्यांना गोदामाच्या प्रॉडक्टमध्ये रसच नव्हता, नमुना दुसऱ्याच कुठल्या कामाचा होता. 'या कामासाठी' हे शब्द घातले गेले, यादी जोडली गेली. भाव आठ टक्क्यांनी उतरवला, त्या बदल्यात एक अहवाल कामातून वगळला. आगाऊ रक्कम मागितली होती तीस टक्के, मिळाली वीस.