ग्रेव्हीत शेंगदाणे आहेत का?

सोलापुरात शेंगदाण्याशिवाय ताट वाढायचे ठरवले, तर वाढणाऱ्याची पंचाईत होईल. कडक भाकरीबरोबर शेंगा चटणी, भरल्या वांग्यात दाण्याचा कूट, कोशिंबिरीत कूट, उपवासाच्या खिचडीतही कूट आणि गोड म्हणून शेंगा पोळी. हुरड्याच्या दिवसांत तर चटणीशिवाय पानच मांडले जात नाही. पुण्या-मुंबईकडे निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत चटणीचे एखादे पाकीट हमखास असते.

बहुतेकांना हे सारे आयुष्यभर मानवते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि एवढ्या स्वस्तात एवढी प्रथिने देणारे पदार्थ फार नाहीत. अडचण आहे ती याच प्रथिनांची. काही थोड्या माणसांची प्रतिकारशक्ती त्यांना चुकून शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे शरीरातल्या मास्ट पेशींवर दबा धरून बसतात. पुढच्या वेळी शेंगदाणा पोटात गेला, की या पेशी फुटल्यासारख्या होतात आणि हिस्टामिन व इतर रसायने एकदम रक्तात सोडतात. यालाच ॲलर्जी म्हणतात. अतिसंवेदनशील व्यक्तीला त्यासाठी मूठभर दाणे लागत नाहीत, काही मिलिग्रॅम पुरतात. कूट केलेले मिक्सरचे भांडे नुसते विसळून त्यातच दुसरे वाटण केले, तरी एवढा अंश सहज जातो.

भाजल्याने किंवा शिजवल्याने दोष जातो, हा समजही खरा नाही. उकडलेल्या शेंगांपेक्षा भाजलेल्या दाण्यांची ॲलर्जी घडवण्याची क्षमता जास्त असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे, आणि आपली चटणी तर खमंग भाजलेल्या दाण्यांचीच. तेलाचेही तसेच. पूर्ण रिफाइंड शेंगतेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, पण सध्या मागणी असलेल्या लाकडी घाण्याच्या तेलात ती राहू शकतात. एरवी गुण समजली जाणारी गोष्ट या माणसांसाठी अवगुण ठरते.

लक्षणे बहुधा काही मिनिटांत सुरू होतात, क्वचित तास-दोन तासांनी. तोंडात खाज, ओठ सुजणे, अंगावर गांधी. आपल्याकडे याला ‘पित्त उठले’ म्हणतात, अंगाला आमसूल चोळतात आणि एव्हिलची गोळी देतात. नुसत्या गांधी असतील तर गोळीने भागतेही. पण आवाज बसू लागला, दम लागला, छातीत सूं-सूं वाजू लागले, वारंवार उलट्या झाल्या किंवा माणूस भोवळ येऊन पडला, तर ते पित्त नव्हे. तो ॲनाफिलॅक्सिस, आणि त्यावर पहिले औषध एकच: ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एव्हिल किंवा स्टिरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि गोळीचा गुण येण्याची वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात. परदेशात रुग्ण हे औषध पेनसारख्या तयार इंजेक्शनच्या रूपात खिशात बाळगतात. आपल्याकडे तसे पेन सहज मिळत नाही. साधी कुपी मात्र स्वस्त असते आणि ती रुग्णालयांत ठेवलेली असते. म्हणून १०८ ला फोन करावा किंवा थेट जवळचे रुग्णालय गाठावे. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर बसू द्यावे. उभे करून चालवू नये. बरे वाटले म्हणून लगेच घरीही नेऊ नये, कारण काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो.

आता प्रश्न असा, की पदार्थात शेंगदाणे आहेत हे खाणाऱ्याला कळणार कसे? चटणीत ते आहेत हे सोलापुरात शाळकरी पोरही सांगेल. फसगत होते ती काजूच्या म्हणून वाढलेल्या ग्रेव्हीत. काजू महाग, शेंगदाणे स्वस्त, आणि रस्सा दोन्हींनी दाट होतो. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला तर कोशिंबिरीतही कूट असेल अशी शंका येत नाही.

इंग्लंडमधल्या एका भारतीय पद्धतीच्या हॉटेलात नेमके हेच घडले. मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणे असलेली स्वस्त पूड वापरायला सुरुवात केली. २०१४ मध्ये एका ग्राहकाने आपल्याला ॲलर्जी आहे असे सांगून जेवण मागवले, त्याला ‘दाणे नाहीत’ असे सांगून ते दिले गेले, आणि तो मरण पावला. २०१६ मध्ये मालकाला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच २०१६ साली नताशा एडनन-लापरूज ही १५ वर्षांची मुलगी तीळ असलेला पाव खाऊन दगावली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता, कारण दुकानातच बांधलेल्या पदार्थाला तशी सक्ती नव्हती. ती पळवाट बंद करणारा नियम तिच्याच नावाने ओळखला जातो आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे.

आपल्याकडे अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकीटबंद पदार्थात शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, गव्हासारखी ग्लूटेनयुक्त धान्ये वगैरे असतील, तर तसे वेगळे लिहावे लागते. मोठ्या साखळी हॉटेलांना मेनूकार्डावरही ही माहिती द्यावी लागते. म्हणजे चौदा अंकी परवाना क्रमांक छापलेल्या चटणीच्या पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख सापडतो, जिथे तो वाचण्याची फारशी गरजच नाही. काट्यावर तोलून कागदात बांधलेल्या फरसाणाला, मेसच्या डब्याला, लग्नाच्या पंगतीला लेबल नसतेच. जिथे गरज जास्त, तिथे विचारणे आणि सांगणे एवढाच उपाय उरतो.

आणि विचारले तर उत्तर काय मिळते? ‘थोडेसेच असतील, काही होत नाही.’ वाढप्याच्या मनात वाईट काही नसते. ॲलर्जी म्हणजे नावड किंवा पथ्य असा त्याचा समज असतो आणि पथ्य थोडे मोडले तर चालते, असे आपण सगळेच मानतो.

शेंगदाण्याची ॲलर्जी भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळते. लहान वयात दाणे पोटात जाणे हे एक कारण असावे. ब्रिटनमध्ये आधीच इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या पाचव्या वर्षी, दाणे टाळलेल्या मुलांपैकी सुमारे १७ टक्क्यांना ॲलर्जी होती, तर अकराव्या महिन्याच्या आत दाण्याचे पदार्थ सुरू केलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांना. त्यामुळे बाळाला वरच्या अन्नाबरोबर बारीक कूट, पातळ करून, द्यायला हरकत नाही. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांखालील मुलाला देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो आणि दुर्बिणीने काढावा लागतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांची शेंगदाण्याशी ओळख ती हीच.

सार्वजनिक धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. तेव्हापासून प्रत्येक हॉटेलच्या दारावर किमान ६० बाय ३० सेंटिमीटरची ‘धूम्रपान निषिद्ध’ पाटी बंधनकारक आहे, आणि ती चहाच्या साध्या हॉटेलातही दिसते. तिच्या शेजारी खडूने एक ओळ लिहायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही: ‘आमच्या भाज्यांत दाण्याचा कूट असतो. चालत नसल्यास आधी सांगा.’ आणि गिऱ्हाइकाने सांगितलेच, तर ते आत आचाऱ्यापर्यंत पोहोचवायचे आणि त्याच्यासाठी धुतलेली कढई, वेगळा चमचा घ्यायचा.