उत्तर आले, पण का आले?

‘देवा, दळणात दडले तुफान (३).’

वाचकहो, ही ओळ आधी सरळ वाचा. गिरणीत पीठ उडाल्याचे, नाहीतर दळणावरून जावाजावांत जुंपल्याचे चित्र डोळ्यांपुढे येईल. आता तीच ओळ एकेक अक्षर सुटे करून वाचा : दे-वा-द-ळ-णा-त. दुसऱ्या अक्षरापासून तीन अक्षरे उचलली की हाती येते ‘वादळ’. वादळ म्हणजे तुफान, आणि कंसातला ३ हा आकडा अक्षरांची संख्या सांगतो. ओळीत एकही शब्द वाया गेलेला नाही. कुठे शोधायचे ते ‘दडले’ या शब्दाने सांगितले आणि काय शोधायचे ते ‘तुफान’ या शब्दाने.

याला इंग्रजीत क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात. आपण गूढ शब्दकोडे म्हणू. रविवारच्या पुरवणीत आपण जे आडवे-उभे शब्द भरतो त्याचे हे थोरले भावंड. साध्या कोड्यात ‘पाण्याचा समानार्थी शब्द’ एवढेच विचारतात. तिथे जल, नीर, उदक, तोय यांतले काय बसते ते चौकटी मोजून ठरवावे लागते. गूढ कोड्यात तसे अंदाजाने चालत नाही, कारण तिथे प्रत्येक सूचना उत्तर दोन वाटांनी सांगते. ओळीच्या एका टोकाला, आरंभी किंवा शेवटी, शब्दाचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात त्याच शब्दाच्या अक्षरांची करामत असते. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी भेटल्या की उत्तर पक्के.

शब्दकोड्याचा जन्म १९१३ सालचा. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी त्या वर्षी २१ डिसेंबरला न्यू यॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रात पहिले कोडे छापले. त्याला गूढ वळण दिले ते मात्र इंग्लंडने. एडवर्ड पॉइस मॅथर्स हे ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी घालू लागले. टोपणनाव घेतले ते थेट स्पेनच्या धर्मन्यायाधीशाचे, म्हणजे सोडवणाऱ्यांचा छळ करण्याचा इरादा उघडच होता! त्यांच्यानंतर आलेले डेरिक मॅकनट, टोपणनाव ‘झिमेनीस’, यांनी १९६६ साली पुस्तक लिहून या खेळाला शिस्त लावली. त्या शिस्तीचे सार असे : अर्थ अचूक हवा, करामत न्याय्य हवी आणि ओळीत फालतू शब्द नको. कोडे घालणाऱ्याने चकवावे, पण फसवू नये. आपल्याकडे ‘द हिंदू’मध्ये १९७१ साली असे कोडे सुरू झाले. ते रचणारे पहिले गृहस्थ होते ॲडमिरल रामदास कटारी, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख.

इंग्रजीतला हा खेळ मराठीत आणताना एक मौज होते. इंग्रजीत प्रत्येक चौकटीत एक लेटर बसते. आपल्याकडे चौकटीत अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि जोडाक्षर आले तरी चौकट एकच. म्हणून अक्षरांची फेकाफेक इंग्रजीइतकी मोकळी होत नाही. पण जी होते ती कानाला गोड लागते. काही प्रकार पाहा.

अक्षरे विस्कटणे : ‘गडबडीत विकता ते काव्य (३).’ ‘गडबडीत’ हा शब्द सांगतो की शेजारच्या शब्दाची अक्षरे हलवायची आहेत. वि-क-ता हलवले की क-वि-ता. अर्थ शेवटी, ‘काव्य’.

शब्दांची जोडणी : ‘गाडीला दिवस जोडला की किनाऱ्यावरचे शहर (४).’ गाडी म्हणजे कार, दिवस म्हणजे वार. कारवार!

पोटात घालणे : ‘जो आबांच्या पोटात शिरला, तो आईचा बाप (३).’ आ आणि बा यांच्यामध्ये ‘जो’ बसवा, आजोबा तयार. इथे ‘जो’ हा शब्द नुसता वाक्य पुढे ढकलणारा वाटतो, म्हणून नजर त्याच्यावरून घसरते. चकवा तिथेच आहे, आणि तरीही सगळे समोर मांडलेले आहे.

उलट वाचणे : हा प्रकार तर आपल्याला वाल्या कोळ्याच्या गोष्टीपासून ठाऊक आहे. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता त्याच्या तोंडून रामनाम निघाले ते याच युक्तीने.

सोडवताना माझा क्रम असा असतो. प्रथम ओळीचा वरवरचा अर्थ विसरायचा. स्वल्पविराम, उद्गारचिन्हे डोळ्यांआड करायची. मग पहिला आणि शेवटचा शब्द तपासायचा, कारण सरळ अर्थ त्या दोन टोकांपैकी एका टोकाला असतोच. त्यानंतर दडले, उलटला, विस्कटले, पोटात, जोडले असा खुणेचा शब्द शोधायचा. शेवटी अक्षरे मोजायची. उत्तर मिळाल्यावर ते तोंडाने समजावून सांगायचे. ही शेवटची पायरी गाळली, तर कोडे सुटले असे मी मानत नाही.

हे मी वर्गातही पाळते. महाविद्यालयात शनिवारी शेवटच्या तासाला मी फळ्यावर दोन-तीन ओळी लिहिते. काही मुले बाकाखाली मोबाईल धरतात आणि अर्ध्या मिनिटात उत्तर सांगतात. त्यांना मी एकच विचारते, ‘उत्तर आले, पण का आले?’ मग शांतता पसरते. गाइडमधली उत्तरे पाठ करून चांगल्या गुणांनी पास झालेल्या मुलांना ‘का’ विचारणारे कोणी भेटलेलेच नसते. मागच्या बाकावरची एखादी मुलगी दहा मिनिटे खरडत बसते आणि ‘मॅडम, हे अक्षर इथून आलं, ते तिथून’ असे बोट ठेवून दाखवते, तेव्हा बाकीचे आपोआप पुढे सरकून ऐकू लागतात. शाबासकी मी त्या मुलीला देते.

कूट बोलणे आणि त्याची उकल करणे हे आपल्या मुलखाला नवे नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. एकनाथांच्या भारुडांत वरून विंचू-जोशी दिसतात आणि आत अध्यात्म असते. कन्नडमध्ये अल्लमप्रभूंची बेडगिन वचने आहेत, कनकदासांच्या मुंडिगे आहेत आणि घरोघरचे ओगटु आहेत. एका अंगणात दोन भाषांनी कोडी घालणारी आपण माणसे आहोत. त्यामुळे सीमाभागातल्या घरांना एक कोडे असे घालता येते, जे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सुटायचे नाही.

आमचे घर तसे आहे. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. सासूबाई धारवाडकडच्या. मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. शाळेत कन्नड, घरात माझ्याशी मराठी. दोन्ही भाषा तिला येतात. पण अज्जीशी तिचे बोलणे ‘ऊट आयता?’, ‘आयतु’ याच्या पुढे फारसे जात नव्हते. अज्जी दिवाणखान्यात टीव्हीपुढे, ही आपल्या खोलीत. भांडण कसलेच नाही. नुसते बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

परवाच्या सुट्टीत मुलीने स्वतः एक ओळ रचली : ‘मराठीत शेते, कन्नडमध्ये पाऊस (२).’ उत्तर ‘मळे’. मराठीत मळ्याचे अनेकवचन, आणि कन्नडमध्ये ‘मळे’ म्हणजे पाऊस. ती मोठ्या अभिमानाने अज्जीकडे गेली. अज्जीने ऐकून घेतले आणि मान हलवली. ‘मळे अंत यार अंतारव्वा? मळि!’ धारवाड-बेळगाव भागात बोलताना मने नव्हे ‘मनि’ म्हणतात, मळे नव्हे ‘मळि’. हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुलीने शाळेचे पुस्तक आणून दाखवले. अज्जी म्हणाल्या, पुस्तकातला पाऊस पुस्तकात पडू दे, आमच्या अंगणात मळिच येते. शिवाय त्यांनी विचारले, की शेते कशी? मळा म्हणजे विहिरीचे पाणी असलेले बागायत, आमच्यात त्याला तोट म्हणतात. कोरडवाहू तुकड्याला कोणी मळा म्हणेल का?

झिमेनीस यांनी काढली नसती इतकी बारीक चूक या दोन आक्षेपांत काढली होती. अर्धा तास वाद चालला. मी स्वयंपाकघरातून नुसती ऐकत होते. शेवटी दोघींनी मिळून ओळ दुरुस्त केली : ‘बागायती मराठी शिवार, पुस्तकी कन्नड पाऊस (२).’ खाली अज्जीने कन्नडमध्ये आणि मुलीने मराठीत सही केली. त्यानंतर अज्जी अधूनमधून स्वतःच हाक मारतात, ‘बारव्वा, इन्नोंदु ऐत्येन?’ म्हणजे, ये ग, आणखी एखादे आहे का?

आपल्या भागात दोन भाषांचा विषय निघाला की आवाज लवकर चढतात. घरात मात्र त्या दोन भाषा एकाच चौकटीत बसवता येतात, आणि त्यासाठी दोन्ही भाषा नीट याव्या लागतात, हे मुलांना भाषणाने सांगून पटत नाही. एक ओळ सोडवताना पटते. घरातली वडील मंडळी कोणत्याही शब्दकोशात न सापडणारे शब्द बाळगून आहेत. ती आहेत तोवर विचारून घ्यावेत.

तर आज रात्री जेवणे झाल्यावर घरी या तीन ओळी वाचून दाखवा.

१) दिवस उलटला तरी शिऱ्याला लागतोच (२).

२) मराठीत जाळे विणतो, कन्नडमध्ये अंडी घालते (२).

३) पाळण्यातली मराठी मुले पुस्तकी कन्नडमध्ये डझनाने मिळतात (२).

उत्तरे इथेच देऊन टाकते : रवा, कोळी, बाळे. ती का आली, हे मात्र मी सांगणार नाही. ते घरातल्या धाकट्याने थोरल्याला, नाहीतर थोरल्याने धाकट्याला समजावून सांगायचे आहे.