चेतासंस्था, अपस्मार आणि आपली पाळकीय सेवा

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात (९:१४-२९) एक पिता आपल्या मुलाला घेऊन प्रभू येशूकडे येतो. मुलगा एकाएकी जमिनीवर कोसळतो, त्याच्या तोंडाला फेस येतो, तो दात खातो आणि त्याचे अंग ताठ होते. तो कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. हे वचन उपासनेत वाचले जात असता आपल्यासमोर बसलेल्या लोकांपैकी एखादी तरी माता मान खाली घालते. तिच्या घरी असेच एक मूल असते. गावात कोणी त्याला फेफरे म्हणतात, कोणी मिरगी, कोणी फिट. आणि कोणी दबक्या आवाजात बाहेरची बाधा म्हणतात. ही माता वैद्याकडे जाण्यापूर्वी बहुधा आपल्याकडे येते. आपण तिला जे सांगतो त्यावर त्या मुलाचे पुढील आयुष्य पुष्कळदा अवलंबून असते. म्हणून मानवी चेतासंस्थेची रचना, तिचे कार्य, ते बिघडल्यास काय होते आणि त्या वेळी आपले कर्तव्य कोणते, यांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

चेतासंस्थेची रचना

चेतासंस्थेचे दोन भाग मानले जातात. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. त्यांच्यापासून निघून सर्व शरीरभर पसरणाऱ्या चेतांची मिळून परिघीय चेतासंस्था होते. मेंदूपासून चेतांच्या १२ जोड्या व मज्जारज्जूपासून ३१ जोड्या निघतात. डोळ्याने पाहिलेले, कानाने ऐकलेले, त्वचेला जाणवलेले सर्व काही या मार्गांनी आत जाते आणि आतून निघालेली आज्ञा अशाच मार्गांनी स्नायूंपर्यंत पोहोचते. यांखेरीज एक स्वायत्त विभाग आहे. हृदयाचे ठोके, पचन, घाम इत्यादी व्यवहार तो आपल्या इच्छेची वाट न पाहता चालवितो.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. शरीराच्या वजनाच्या मानाने हा भाग केवळ दोन टक्के; परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. मोठ्या मेंदूचे दोन अर्धगोल असून विचार, स्मृती, भाषा व ऐच्छिक हालचाली त्यांच्या आधीन आहेत. डावा अर्धगोल शरीराच्या उजव्या बाजूस हालवितो व उजवा डाव्या बाजूस. लहान मेंदू तोल आणि हालचालींतील मेळ सांभाळतो. मस्तिष्कस्तंभ श्वासोच्छ्वासासारखे प्राणरक्षक व्यवहार पाहतो.

संदेश कसा जातो

ही सर्व रचना चेतापेशींची बनलेली आहे. मानवी मेंदूत त्या सुमारे ८६०० कोटी आहेत, असे अलीकडील गणनेवरून दिसते. प्रत्येक पेशीला संदेश घेणाऱ्या अनेक आखूड शाखा आणि संदेश पुढे नेणारा एक लांब तंतू असतो. विश्रांतीच्या वेळी पेशीची आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋणभारित असते. पेशी उत्तेजित झाली की तिच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियमचे भारित कण आत शिरतात आणि विद्युत्‌लहर तंतूवरून धावत जाते. ज्या जाड तंतूंवर स्निग्ध आवरण असते त्यांत तिचा वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो. आवरणरहित बारीक तंतूंत तो सेकंदाला एक-दोन मीटर इतकाच असतो.

तंतूच्या टोकाशी पोहोचल्यावर ही लहर थांबते. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि ती फट रासायनिक द्रव्यांच्या साह्याने ओलांडली जाते. या द्रव्यांचे दोन प्रकार विशेष ध्यानात घ्यावेत. ग्लुटामेट हे द्रव्य पुढील पेशीला चेतविते; गाबा हे द्रव्य तिला आवरते. गायनवृंदात गाणाऱ्यास आपण केव्हा गावे याबरोबर केव्हा थांबावे हेही कळावे लागते. मेंदूचेही तसेच आहे. चेतविणे व आवरणे यांच्या समतोलावरच आपले बोलणे, चालणे आणि शुद्धीवर असणे अवलंबून असते.

समतोल ढळतो तेव्हा

काही कारणाने हा समतोल ढळला आणि असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात उसळू लागल्या, म्हणजे झटका येतो. असे झटके वारंवार येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. संपूर्ण मेंदू व्यापणाऱ्या मोठ्या झटक्यात सर्व स्नायू एकदम आवळले जातात. छातीतील हवा जोराने स्वरयंत्रातून बाहेर पडते आणि एक विचित्र किंकाळी ऐकू येते. ती ऐकून पुष्कळांची खात्री पटते की हा आवाज त्या माणसाचा नव्हे. वस्तुतः तो त्याच्याच छातीतील वारा असतो. नंतर हातपाय झटके देऊ लागतात, जीभ चावली जाते, लाळ घुसळून फेस होतो, कधी लघवी होते. एक ते तीन मिनिटांत बहुधा हे थांबते आणि रोगी गाढ झोपल्यासारखा किंवा गोंधळलेला पडून राहतो.

सर्व झटके असे ठळक नसतात. एखादे मूल वर्गात बोलता बोलता काही सेकंद टक लावून थांबते आणि पुन्हा जणू काही झालेच नाही असे वागू लागते; धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला बेफिकीर ठरवून शिक्षा होते. झटका मेंदूच्या कानशिलाजवळील भागात उद्‌भवला तर एकाएकी भीती वाटते, नसलेला वास येतो किंवा हा प्रसंग पूर्वी घडून गेला आहे असे भासते. अशा अनुभवास घाईने दर्शन म्हणणे किंवा घाईने बाधा म्हणणे, दोन्ही अयोग्य होय.

कारणे अनेक आहेत: जन्मवेळी मेंदूस प्राणवायू कमी पडणे, मस्तिष्कावरणाचा दाह, डोक्यास मार, पक्षाघात, मेंदूतील गाठ. आपल्या देशात आणखी एक कारण आढळते. डुकराच्या मांसातून होणारा पट्टकृमी ज्याच्या आतड्यात आहे त्याच्या विष्ठेतून त्या कृमीची अंडी बाहेर पडतात. अस्वच्छ हात, पाणी किंवा न धुतलेली भाजी यांतून ती दुसऱ्याच्या पोटात गेल्यास त्यांचे डिंभ मेंदूत जाऊन बसतात. म्हणून मांस न खाणाऱ्यासही हा विकार होऊ शकतो. सुमारे निम्म्या रोग्यांत मात्र कारण सापडत नाही. हा विकार स्पर्शाने किंवा फेसाने कोणालाही लागत नाही.

हे ज्ञान सर्वस्वी नवे नाही. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रीक लेखकाने, ज्याला लोक पवित्र रोग म्हणतात तो इतर रोगांहून अधिक पवित्र नाही व त्याचे मूळ मेंदूत आहे, असे प्रतिपादन केले. चरकसंहितेत अपस्माराची गणना रोगांत केली असून त्याची चिकित्सा सांगितली आहे. त्या शब्दातच स्मृती लोपण्याचा अर्थ आहे. १९२४ साली हान्स बर्गर या जर्मन वैद्याने मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींचे पहिले आलेखन केले. १९१२ पासून फेनोबार्बिटल आणि १९३८ पासून फेनिटॉइन ही औषधे अपस्मारावर वापरात आली. पहिले औषध आवरणाऱ्या द्रव्याचे बळ वाढविते, दुसरे सोडियमच्या द्वारांना लगाम घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात.

शुभवर्तमानाचे वाचन

येथे वाचक विचारतील, मग शुभवर्तमानातील अशुद्ध आत्म्याचे काय? या प्रश्नाला बगल देणे उचित नाही. संत मत्तयने याच मुलाविषयी लिहिताना (१७:१५) जे ग्रीक क्रियापद वापरले आहे ते चंद्र या अर्थाच्या शब्दापासून बनलेले असून त्या काळी ते याच रोगास लावीत. पुढे तोच लेखक, भूत निघून गेले व मुलगा बरा झाला, असे सांगतो. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात (४:२४) रोग्यांची गणना करताना भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती हे तीन वर्ग निरनिराळे सांगितले आहेत. म्हणजे प्रत्येक फेफरेकरी भूतग्रस्तच असतो, असे शुभवर्तमानकाराचेही म्हणणे नाही. त्याने आपल्या काळाच्या भाषेत लिहिले. त्याचा हेतू निदान शिकविण्याचा नसून प्रभूच्या करुणेची व अधिकाराची साक्ष देण्याचा होता.

आणखी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. प्रभू त्या पित्याला प्रथम प्रश्न विचारतो: याला असे केव्हापासून होते? पिता सांगतो, लहानपणापासून. आणि विस्तव व पाणी यांचा धोकाही सांगतो. आजही अपस्माराचे निदान मुख्यतः झटका पाहणाऱ्याने दिलेल्या वृत्तान्तावरच होते; दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला मेंदूचा आलेख पुष्कळदा निर्दोष निघतो. येशू त्या मुलाला दोष देत नाही, पित्याच्या पापाची चौकशी करीत नाही, आणि शेवटी मुलाचा हात धरून त्याला उभे करतो.

ख्रिस्तसभेची शिस्त

या बाबतीत ख्रिस्तसभाही शिकत आली आहे. १९१७ च्या कायदासंहितेतील नियम ९८४ प्रमाणे अपस्मारी, वेडे आणि भूतग्रस्त यांना एकाच ओळीत बसवून गुरुदीक्षेसाठी अपात्र ठरविले होते. १९८३ च्या संहितेतील नियम १०४१ मध्ये अपस्माराचा उल्लेख उरलेला नाही. भूतनिस्सारणाच्या बाबतीत १६१४ च्या रोमन विधिग्रंथानेच सावध केले होते की कोणी भूतग्रस्त आहे यावर सहज विश्वास ठेवू नये व रोगाची लक्षणे वेगळी ओळखावीत. आणि नियम ११७२ प्रमाणे स्थानिक धर्माध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणीही हा विधी करू शकत नाही. देशाच्या कायद्यातही बदल झाला. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील अपस्माराची अट १९९९ साली काढून टाकण्यात आली. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही अपस्मार हा विवाहास अडथळा नाही. मात्र विवाहापूर्वी तो लपवू नये, हे दोन्ही कुटुंबांना आपण प्रेमाने सांगावे.

आपले कर्तव्य

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग येथे नमूद करतो. सीमाभागातील एका खेड्यात एका मुलीचे झटके औषधाने दोन वर्षे थांबले होते. एका प्रार्थनासभेत ती बरी झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि गोळ्या घेणे हे अविश्वासाचे लक्षण होय असे सांगण्यात आले. आईने गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत मुलगी चुलीपाशी बसली असता झटका आला व तिचा हात भाजला. ती वाचली, परंतु औषध एकाएकी तोडल्याने झटक्यामागून झटके येऊन मृत्यूही ओढवू शकतो. दोष त्या आईचा नव्हता. तिने आपल्यासारख्या सेवकाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

म्हणून पुढील गोष्टी धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी स्वतः जाणून लोकांना शिकवाव्यात. झटका आला असता आजूबाजूचे दगड, विस्तव, भांडी दूर करावीत. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे. गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि रोग्याला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविणे, हातात किल्ली देणे यांचा काहीही उपयोग होत नाही. घड्याळ पाहावे, झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आला, रोगी पाण्यात पडला किंवा गरोदर असली, तर त्वरित रुग्णालयात न्यावे.

दुसरे, औषध केव्हा थांबवावे हे वैद्यानेच ठरवावे. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. पवित्र कम्युनियनपूर्वीचा उपवास पाणी व औषध यांनी मोडत नाही, हे नियम ९१९ मध्ये स्पष्ट आहे. पुष्कळ भाविकांना ते ठाऊक नसते. झोप मोडल्याने झटका येण्याचा संभव वाढतो, म्हणून रात्रभराच्या जागरणप्रार्थनेचा आग्रह अशा व्यक्तीस करू नये. तिने विहिरीवर किंवा समुद्रात एकटीने जाऊ नये. आणि प्रथम भेटीसच, झटका कसा सुरू होतो, किती वेळ टिकतो, हे लिहून घेऊन त्या कुटुंबासोबत आपणच जिल्हा रुग्णालयापर्यंत जावे.

यावरून प्रार्थनेची गरज उरत नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये. बेन सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात आजाऱ्याला प्रभूची प्रार्थना करण्यास आणि वैद्याला त्याचे स्थान देण्यास एकाच वेळी सांगितले आहे. औषधे पृथ्वीतून उत्पन्न करणारा प्रभूच आहे, असे तेथे म्हटले आहे. शहाण्याने त्यांचा तिरस्कार करू नये हा तेथील बोध आहे. ज्याने चेतापेशींना चेतविणारे व आवरणारे द्रव्य दिले, त्यानेच त्यांचा अभ्यास करणारी बुद्धीही दिली. आपण रोग्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावी, आणि त्याच हाताने त्याची गोळी त्याच्यापुढे करावी. त्या मुलाच्या पित्याने आपला विश्वास सांगताना आपला अपुरा विश्वासही कबूल केला होता, आणि प्रभूने त्याला परत पाठविले नाही. आपल्या दारी येणाऱ्या मातेलाही आपण भयाने भरून परत पाठवू नये.