बरे वाटणे आणि बरे होणे

भिवंडीत माग थांबला की मजुरी थांबते. म्हणून क्षयाच्या रोग्याचा खोकला दोन महिन्यांत उतरला, भूक लागू लागली, की तो मागावर परततो किंवा गावी जातो. आणि औषध सुटते. खरा धोका येथेच आहे. लक्षणे गेली तरी काही जंतू शरीरात दबा धरून असतात. त्यांच्यासाठीच साध्या क्षयाचा उपचार सामान्यतः ६ महिने चालतो. तो मध्येच सोडल्यास रोग उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

मग रोग्याला घराबाहेर ठेवावे काय? १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासात घरी नियमित औषध घेणारे रोगी आरोग्यधामातल्यांच्या जवळपास बरोबरीने बरे झाले. घरच्यांना लागणही अधिक झाली नाही. हा रोग ताटवाटीतून नव्हे, हवेतून पसरतो. तेव्हा खिडक्या उघडा, खोकताना तोंड झाका, मुलांची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. गावी जाण्यापूर्वी तेथे सांगावे, म्हणजे पुढील औषधाची सोय होते. घरच्यांनी रोज एवढेच विचारावे : आजची गोळी घेतली ना?