आधी बनाना राइड, मग चिअर्स!

फुलचूर-गोंदियाच्या ग्रुपला समुद्र म्हणजे नुसतं ‘कधीतरी जाऊ या’! पण दोस्तहो, गाडी तर दाराशीच आहे. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खं राज्य पार करून कोल्हापूरला सोडते. तिथून घाट उतरला की मालवण. प्रवास एका दिवसाहून मोठा, पण पत्ते आणि डबे सोबत असले की पार्टी गोंदियापासूनच सुरू.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे सगळ्यांत मिळून एक बोट ठरवा आणि त्सुनामी आयलंड गाठा. जेट स्की, बंपर, बनाना राइड... बनानावाला शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतो, खरी धम्माल तीच! म्हणूनच ग्लास नंतर. दोन पेग पोटात असले की तोल जातो, दम टिकत नाही आणि लाइफ जॅकेटचा पट्टा उगाच टोचायला लागतो. फोटोसाठी जॅकेट काढणारा हीरो तर प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. (त्याला बोटीच्या मधोमध बसवा!) नवेगावबांधच्या तळ्यावर बोटिंग केलंय म्हणून भाव खाऊ नका, इथे भरती-ओहोटी असते. २४ मे २०२२ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली, त्यात दोन पर्यटक गेले.

चिअर्स संध्याकाळी, किनाऱ्यावर, तळलेल्या सुरमईसोबत. गोव्याची स्वस्त बाटली बॅगेत भरून आणू नका, महाराष्ट्रात ती चालत नाही. आणि हार्ड ड्रिंकसाठी इथे वय २५ लागतं, ग्रुपमधल्या फ्रेशर्सना सोलकढी! पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतरचंच रिझर्व्हेशन बघा.