‘डार्लिंग’ : निवेदन आणि दृश्य यांतील विरोध

चित्रपटातील एखाद्या पात्राने स्वतःची कथा स्वमुखाने सांगावयास आरंभ केला, की प्रेक्षक सामान्यतः तिच्यावर विश्वास ठेवतो. पडद्यावरील दृश्ये ही त्या कथनाची साक्ष होय, असे त्याने नकळत गृहीत धरलेले असते. जॉन श्लेसिंजर यांच्या ‘डार्लिंग’ (१९६५) या ब्रिटिश चित्रपटात हे गृहीत पहिल्याच दृश्यात मोडून पडते. लंडनमधील एका जाहिरातफलकावर उपासमारीने ग्रासलेल्या आफ्रिकी लोकांचे चित्र आहे. त्यावर एका तरुण मॉडेलच्या हसऱ्या मुखाचे भित्तिपत्रक पट्ट्यापट्ट्यांनी चिकटविले जाते. ‘आयडियल वुमन’ या मासिकात तिची आत्मकथा येणार असल्याची ती जाहिरात होय. पुढे ऐकू येणारे सर्व निवेदन याच आत्मकथेसाठी दिलेल्या मुलाखतीचे आहे. त्यामुळे ते कितपत स्वीकारावे, हा प्रश्न त्या भित्तिपत्रकानेच उभा केलेला असतो.

कथानक थोडक्यात असे. डायना स्कॉट ही विवाहित तरुण मॉडेल दूरचित्रवाणीवरील पत्रकार रॉबर्ट गोल्ड याच्या सहवासात येते; दोघेही आपापले संसार सोडतात. पुढे जाहिरातव्यवसायातील माइल्स ब्रँड याच्या ओळखीने तिला एका चित्रपटात लहानशी भूमिका मिळते. गर्भपात, रॉबर्टशी ताटातूट आणि अखेरीस एका इटालियन प्रिन्सशी विवाह, असा तिचा प्रवास होतो. (इंग्लंडमध्ये गर्भपाताला कायद्याने व्यापक मुभा १९६७ च्या अधिनियमाने मिळाली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.)

भूमिकेचा प्रसंग कथेत अल्प जागा व्यापतो, तथापि चित्रपटाचे मर्म त्यात आहे. मॉडेलचे काम दिसण्याचे, नटीचे काम दुसरे कोणी होण्याचे. डायनाला हा भेद जाणवत नाही. नटी होणे म्हणजे अधिक लोकांना दिसणे, एवढाच तिचा समज. भूमिकेचा विचार करताना ती पात्राविषयी काहीच विचारीत नाही. ती भूमिका कोणाच्या हातून मिळेल, एवढेच तिला महत्त्वाचे वाटते. उलट खाजगी जीवनात मात्र ती अखंड अभिनय करीत असते, आणि तिचे निवेदन हा त्याच अभिनयाचा एक भाग होय.

अभिनय न येणारी स्त्री उभी करावयास फार मोठा अभिनय लागतो. ज्यूली ख्रिस्ती यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. (या नटीचा जन्म आसामातील चहाच्या मळ्यावरचा.) विवाहानंतरच्या भागात त्यांचे सामर्थ्य विशेष प्रत्ययास येते. प्रथम वृत्तपटाच्या धर्तीवर नव्या प्रिन्सेसचे कौतुक होते. म्हणजे आता बोलणारा आवाज तिचा स्वतःचाही उरत नाही. मग ती त्या विशाल प्रासादात एकटी पडते आणि दालनामागून दालन ओलांडीत अंगावरील अलंकार व वस्त्रे उतरवीत जाते. हे दृश्य जवळजवळ शब्दांवाचून घडते. आवाज थांबल्यावरच चित्र खरे बोलू लागते.

फ्रेडरिक राफेल यांच्या पटकथेलाही ऑस्कर मिळाले. तिची धार निर्विवाद आहे; परंतु तिच्या न्यायबुद्धीविषयी शंका घेण्यास जागा आहे. माइल्स चेहरे विकतो, रॉबर्ट दूरचित्रवाणीवर मते विकतो. पण निवेदन करण्याची, आणि म्हणून निवेदनात पकडले जाण्याची, पाळी एकट्या डायनावर येते. तिला दिलेला आवाज हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. पुरुषपात्रांना असे कोणी बोलते केले असते, तर त्यांचीही चित्रे त्यांना खोटे पाडती. लंडनला परतलेल्या डायनाबरोबर एक रात्र घालवून रॉबर्ट तिला इटलीच्या विमानाकडे धाडतो. या वर्तनाचे निवेदन करण्याची पाळी मात्र त्याच्यावर येत नाही.